बॅगेची दोरी

"आई, तू गाडीतच बस," लहू पुन्हा म्हणाला.

गाडीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं होतं. बॉनेटमधून वाफ येत होती. फीनिक्सहून लॉस एंजेलिसच्या विमानतळाकडे निघालेली स्वारी ऐन वाळवंटात अडकली होती. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. एक पिकअपवाला थांबला, पुढच्या गावातून टो ट्रक पाठवतो म्हणाला आणि गेला. सावली कुठेच नव्हती. डिकीत निळी ताडपत्री होती, पण लहू ती पाहून न पाहिल्यासारखं करत होता.

त्याला कारण होतं. लहूचा बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. काम पुढे सरकलं की त्यांचं पालही सरकायचं. चार काठ्या आणि वर फाटकी ताडपत्री, एवढाच संसार. शाळेत पोरं चिडवायची. एकदा रडत येऊन त्याने आईला वचन दिलं होतं, मोठा झालो की तुला पालात राहू देणार नाही. इंजिनिअर होऊन त्याने ते पाळलं. अमेरिकेत मोठं घर घेतलं, आईसाठी वेगळी खोली केली. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मात्र तो सांगायचा, सोलापूरला आमचं जुनं घर होतं.

आई सहा महिन्यांसाठी आली आणि महिन्यातच कोमेजली. "तुझा बंगला लई चांगलाय," म्हणायची. "बंगला काय गं, घर म्हण," लहू सांगायचा. ती मान हलवायची आणि संध्याकाळी पुन्हा बंगलाच. खोलीखोलीच्या दाराशी थांबून "येऊ का?" विचारायची, स्वतःच्या खोलीतसुद्धा. शेवटी एका सकाळी बॅगेला दोरी बांधून पायरीवर बसली. लहूला ते फार लागलं. काय कमी केलं होतं त्याने? आज निघाल्यापासून दोघं धड बोलले नव्हते.

तो पाण्याची बाटली काढायला डिकीशी गेला, तशी आई मागोमाग उतरली.

"ताडपत्री हाय की! मग उन्हात का मरायचं?"

"बांधायला दोरी नाही, आई."

आईने बॅग ओढली, गाठ सोडली आणि दोरी त्याच्या हातात ठेवली.

वाद घालायचं त्राण लहूत नव्हतं. त्याने ताडपत्रीची एक बाजू टपावरच्या कॅरिअरला बांधली, दुसरी एका वाळक्या झुडपाला. कडेला दगड ठेवले. इतक्या वर्षांत न मारलेली गाठ बोटांनी आपसूक मारली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढं शिकून, समुद्र ओलांडून फिरून फिरून भोपळे चौकात.

आईने चपला बाहेर काढल्या आणि ती वाकून आत शिरली. हाताने वाळू सारखी केली. पाण्याची बाटली कोपऱ्यात ठेवली, फडक्यातली भाकरी सोडली. लहू उन्हातच उभा होता, रस्त्याकडे डोळे लावून. ट्रक एकदाचा आला की हे पाल मोडता येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"लहू!" आतून हाक आली. तिचा असा मोकळा आवाज त्याने ती आल्यापासून ऐकला नव्हता.

"आरं, भाईर का उभा? घरात ये की."