मागच्या सीटवरची चिठ्ठी

राहात्याहून खर्ड्याला बायकोच्या माहेरी निघताना जस्टिननं सगळं नीट आखलं होतं. जामखेडच्या अलीकडे हॉटेलाशेजारी विजेवरच्या गाड्यांचा चार्जर होता. गाडी तिथं चार्जिंगला लावायची, तोवर जेवून घ्यायचं. पण फिलोमिनाला झोप अनावर झाली. एसी चालू ठेवून, किल्ली तिच्याजवळ देऊन तो एकटाच आत गेला. जाताना, चार्जरवर सगळेच ठेवतात तशी, मोबाईल नंबरची चिठ्ठी त्यानं पुढच्या काचेआड ठेवली.

पहिला घास घेतो न घेतो तोच फोन वाजला. कुणी म्हातारा बोलत होता.

"साहेब, गाडी काढा की. आमाला जायचंय."

जस्टिननं खिडकीतून पाहिलं. टळटळीत उन्हात त्याची एकट्याची गाडी उभी होती. आजूबाजूला चिटपाखरूही नव्हतं.

तो बाहेर आला. काचेआड चिठ्ठी नव्हती.

"बाबा, माझा नंबर कुठं मिळाला तुम्हाला?"

"चिठ्ठी हितं मागच्या सीटवर हाय न्हवं. हळू बोला, ताई झोपल्यात."

मागच्या सीटवर चिठ्ठी पडली होती, माणूस कुणीच नव्हता. पट्टा मात्र कुणी बसल्यासारखा फुगून लागलेला होता.

त्यानं दार ओढलं, काचेवर बुक्क्या मारल्या. फिलोमिना हलली नाही. चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाची मूठ, गाडीला लावलेली असेपर्यंत गाडी जागची हलत नाही, एवढाच काय तो आधार. त्यानं गन दोन्ही हातांनी दाबून धरली.

खिशातल्या फोनमधून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या साहेब. ताई चालवतील."

टक्कन गन सुटून त्याच्या हातात आली. आत फिलोमिना, जिला गाडी येतच नव्हती, मिटल्या डोळ्यांनी स्टेअरिंगमागं सरकली.