सासऱ्यांचा स्पॉयलर

चारही स्क्रू आत गेले आणि चारही नुसते फिरत राहिले. जावयाने गाडीच्या डिकीवरच्या स्पॉयलरला, त्या फायबरच्या पंखाला, हळूच हात लावला, तर तो दुधाच्या दातासारखा हलला. संध्याकाळच्या बसने सासरे येणार होते.

"माचिस आण," स्पॉयलर उतरवून बायकोच्या हातात देत तो म्हणाला. लाकडात सैल झालेला स्क्रू काडी घातली की घट्ट बसतो, एवढं त्याला माहीत होतं. पण डिकीचं झाकण पडलं पत्र्याचं. काड्या भोकांतून आत गेल्या आणि तिथेच खुळखुळायला लागल्या.

स्पॉयलर सासऱ्यांनी स्वतः बनवलेला. आयुष्यभर फायबरच्या होड्या घडवलेला माणूस. लेकीच्या घरी पहिली गाडी आली, तेव्हा हौसेने साचा काढून, घासून, लालभडक रंगवून घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने बसवून गेले. गाडी बिचारी करडी, एवढीशी. ऑफिसात कुणी म्हणालं, "नाकापेक्षा मोती जड!" कुणी विचारलं, "काय हो, शेपूट हलवते का?" जावई सगळ्यांबरोबर हसला आणि त्याच दिवशी घरी येऊन त्याने ते शेपूट उतरवलं. मग रीतच पडली. सासरे येणार म्हटलं की माळ्यावरून काढून बसवायचा. गेले की भोकांना रबरी बुचं लावून पुन्हा जुन्या चादरीत गुंडाळायचा. या काढघालीत भोकं रुंदावत गेली.

"मला तुमची लाज नाही वाटत," बायको म्हणाली. "माझी वाटते. दरवेळी मीच धरून देते ना."

लाज त्यालाही वाटायची. सासरे गाडीकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले की हमखास वाटायची. पण ते गेले की ऑफिसची लाज वरचढ व्हायची.

तो कोपऱ्यावरच्या दुकानातून भोकं बुजवायचा मसाला घेऊन आला. काळा आणि पांढरा गोळा एकत्र मळायचा, भोकात भरायचा, दगडासारखा झाला की नव्याने ड्रिल मारायचं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तो मळायला बसला आणि फाटकाची कडी वाजली.

"आधीचीच बस मिळाली," म्हणत सासऱ्यांनी पिशवी खाली ठेवली. लेकीच्या हातातल्या स्पॉयलरकडे पाहिलं. मग डिकीकडे. वाकून त्यांनी एका भोकात करंगळी घातली. ती सहज आत गेली.

"बाबा, ते... हायवेला वारा फार असतो ना, त्याने सैल..." जावयाची ततपप झाली.

"वाऱ्याने भोक एका अंगाला लांबतं, जावईबापू. हे चहूबाजूंनी वाढलंय. हे स्क्रूने खाल्लंय."

आवाज जराही चढला नव्हता, तेच जास्त लागलं. लेक जमिनीकडे बघत राहिली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं जावयाला झालं. या माणसाने आपल्याला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, आणि आपण याच्या हातचं काम माळ्यावर कोंडून ठेवलं!

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि मळलेला गोळा त्याच्या हातून घेतला.

"आता एकदाच काय ते सांगा. आतून पट्टी देऊन बसवू, की भोकं कायमची बुजवू?"

'बसवू' म्हटलं की सुटला असता. जीभ तिकडेच वळत होती. पण बायकोने मान वर केली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"बुजवा, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "लोक हसतात मला. पण चुकलो मी. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

सासऱ्यांनी एकेक भोक भरलं, अंगठ्याने सपाट केलं, फडक्याने कडा पुसल्या. हात पुसता पुसता ते खाकरले. लेकीकडे बघायचं मात्र टाळलं.

"न मळलेला मसाला उरलाय ना? तेवढा मला बांधून द्या," ते म्हणाले. "तुम्ही दिलेलं ते तासातासाला ओरडणारं कोकिळेचं घड्याळ... तुम्ही येणार म्हटलं की टांगतो, गेलात की उतरवतो. आता भिंतीत खिळाच ठरत नाही."