तीन फुंकांचा दिवा

"कांदे निवडायला बसल्यासारखी बघतेय. हिला काचेतलं काय कळणार!" उस्ताद बायकोच्या कानाशी पुटपुटले. आपण हळू बोललो असा त्यांचा समज होता. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

तपासनीसबाईंनी मान वर केली नाही. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, पांढऱ्या कापडावर त्यांनी दिवा आडवा ठेवला होता. मधाच्या रंगाची काच, गोल पोट, त्यावर निळ्या काचेचा बारीक धागा गुंडाळलेला. सोमवारी उस्तादांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडणार होतं. एकेचाळीस वस्तू तपासून, नाव लावून झाल्या होत्या. ही बेचाळिसावी, घरून आणलेली.

"उस्ताद, तुमच्या प्रत्येक दिव्याचं पोट एका फुंकेत फुगवलेलं असतं," बाई म्हणाल्या. "तीच तर तुमची ओळख. इथे फुंक तुटलीय." त्यांनी काचेच्या आत छोटा टॉर्च धरला. पोटावर एक पुसट कडं दिसलं. त्याच्या वर आणखी एक. "दोनदा थांबलाय हा माणूस. म्हणजे तीन फुंका. तेवढा दम नव्हता त्याच्यात."

उस्तादांच्या बायकोने मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. कुणी आपल्या छातीलाच कान लावलाय असं तिला वाटलं. पहिल्यांदा थांबली तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दुसऱ्यांदा तर हातातली फुंकनळी फिरवत ठेवूनच ती पालथ्या बादलीवर टेकली होती.

"बाबांना तेव्हा खोकला होता," लेक मध्ये पडली. "चांगलाच होता. मला आठवतंय ना."

तिला आठवत होतं ते वेगळंच. आठ वर्षांची ती अकरा दिवस कारखान्याच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, बाबा कामात आहेत, कुणाला भेटत नाहीत. असं सांग म्हणून कुणी पढवलंही नव्हतं. त्या अकरा दिवसांबद्दल तिघांपैकी कुणी पुढे कधी ब्र काढला नाही.

"खोकल्याचं मान्य," बाई म्हणाल्या, "पण ही सही बघा." दिव्याच्या तळाशी हिऱ्याच्या टोकाने कोरलेली अक्षरं होती. "उस्तादांची सही म्हणजे एका झटक्यात ओढलेली रेघ. ही किती थरथरलीय. चोरी करताना हात कापतो, तशी." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काम सुरेख आहे, ते नाकारत नाही मी. पण ही नक्कल आहे."

उस्ताद खिडकीबाहेर बघू लागले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, समोर भिंत होती.

"मग नाव नका लावू," त्यांची बायको म्हणाली. "कुणाचंच नका लावू. नुसता दिवा म्हणून ठेवा कुठे तरी कोपऱ्यात."

"बिननावाचा चालला असता हो, मावशी. खोट्या सहीचा नाही चालत."

"मग घरी नेतो आम्ही."

"सही घासून काढल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. उद्या कुणी उस्तादांचा म्हणून विकला तर?" बाई जरा घुटमळल्या. "तळ फार पातळ आहे. घासायच्या चाकावर धरला की तडकू शकतो. आधी सांगितलेलं बरं."

"आई, जाऊ दे ना," लेक खालच्या आवाजात म्हणाली. "एकेचाळीस आहेत की बाबांचे."

"हो. बाबांचे एकेचाळीस आहेत."

मग एकाएकी उस्तादांची बायको बाईंच्या टेबलाकडे सरकली. "चाकावर नका धरू. मला द्या. मी घासते, हाताने. पाण्याखाली धरून, बारीक कागदाने, हळूहळू. दोन दिवस लागतील, लागू देत. इथेच बसते. कुठे जात नाही घेऊन."

"तुम्हाला येतं हे काम?"

"आई!" लेक म्हणाली.



"घरी भांडी घासतेच की मी," ती म्हणाली आणि हसायला गेली. ते हसू काही जमलं नाही.

बाईंनी संमतीचा कागद उस्तादांपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. सही करायची वेळ आली की बायको त्यांचं मनगट धरायची. बँकेत धरायची, दवाखान्यात धरायची, नातवाच्या शाळेतसुद्धा. बघणाऱ्यांना ते प्रेम वाटायचं, आणि तेही होतंच. आताही सवयीने तिची बोटं त्यांच्या मनगटाभोवती गेली. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांचा हात कापत होता की तिचा, तिला कळेना.

"करा, अहो," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "करून टाका. सोमवारी लोक यायचेत तुमचे."

"सोड."

तिने सोडलं नाही.

"सोड गं," उस्ताद म्हणाले. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि उघडा हात तपासनीसबाईंसमोर टेबलावर ठेवला. तो टेबलावर टकटक वाजत राहिला. या वेळी त्यांनी तो झाकला नाही.

"दिवा खरा आहे, बाई. हिने केलाय. खोटी ती सही आहे. ती मी केली."