आवाज फुटेना तेव्हा

आजी मोरीजवळ कोसळली, तेव्हा दासोमनं आधी गॅस बंद केला. मग आजीचे खांदे हलवले. डोळे उघडेनात.

कोरियातल्या मोक्पो बंदरावर भर दुपार होती. आई बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर कामाला गेलेली. दासोमनं फोन उचलून एकशे एकोणीस हा तातडीच्या मदतीचा नंबर लावला.

"बोला, काय झालं?" पलीकडून बाई म्हणाली.

दासोमनं तोंड उघडलं. घाबरली की तिचा गळाच बंद व्हायचा, शाळेतही असंच. नुसता श्वास बाहेर आला.

"बाळा, तू आहेस का? बोलता येत नसेल तर याच नंबरवर मेसेज कर. लिहिता येतं ना?"

गेल्या हिवाळ्यापर्यंत येत नव्हतं. श्रुतलेखनाच्या पानावर सगळं लालच लाल. मग फोनवरचा एक खेळ हाती आला. त्यात प्रत्येक दाराशी एक भूत वाक्य बोलायचं. ते बिनचूक टाइप केलं तरच दार उघडायचं, नाहीतर हातातला दिवा विझायचा. दिवा विझू नये म्हणून ती एकेक शब्द आजीला विचारून घोकायची. आई करवादायची, "भुतांचा नाद लावलाय पोरीला! आणि तुम्ही पण, आई!"

पण खेळात दिवा विझला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता यायचं.

घामानं बोटं घसरत होती. "आजी पडली. डोळे उघडत नाही," तिनं लिहिलं. मग पत्ता: बर्फाच्या कारखान्यामागची निळी इमारत, तिसरा मजला.

लगेच उत्तर आलं. "माणसं निघाली. आजीच्या तोंडाशी गाल ने. श्वास जाणवतो?"

तिनं गाल नेला. काहीच नाही. तिनं गाल आणखी जवळ नेला. मग कोमट, अगदी बारीक झुळूक.

"जाणवतो. घरघर होतेय."

"कुशीवर वळव. दार उघडून ठेव."

आजी केवढी जड! दोन्ही पाय भिंतीला टेकवून दासोमनं तिला वळवलं. दाराकडे जाताना मात्र ती तीनदा मागे आली. पाठ फिरवली की श्वास थांबेल, असं वाटत होतं.

दोघेजण जिना चढून धावत आले. एक जण आजीपाशी वाकला. "नाडी आहे. चल, उचल!"

स्ट्रेचर दाराबाहेर निघालं. दासोमनं हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज नाही. तिनं धावत जाऊन मागच्या उंच माणसाची बाही ओढली आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"मला एकटीला ठेवू नका."

त्यानं वाचलं. स्ट्रेचर क्षणभर टेकवून फोन घेतला आणि अंगठ्यानं घाईघाईत टाइप केलं, "चल, गाडीत आजीचा हात धरुन बस."

दासोमनं ते वाचलं. 'धरुन'मधला रु दीर्घ केला. मग आजीचा हात धरला.