शंभर वर्षांचं पुस्तक

‘खेळ सर्वांचा झाला’ हे प्रकरण प्राध्यापक उभं राहून वाचून दाखवत होते. क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार होतं, आणि उद्या ते छापायला जायचं होतं. आधी साहेब लोक खेळत आणि बाकीचे लांब गेलेले चेंडू आणून देत. मग पैसेवाल्यांनी बॅट हातात घेतली. गोलंदाजीत घाम फार निघतो, म्हणून ती पगारी माणसांना दिली. त्या माणसांना जेवण मागच्या पायरीवर मिळायचं, हे प्राध्यापकांनी सावकाश, दोनदा वाचलं. अध्यक्षांनी मान हलवली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं टेबलाच्या टोकाला बसलेला म्हातारा स्कोअरर अण्णा मनात म्हणाला. ती माणसं जिवंत होती तेव्हा त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

त्यालाही कमिटीच्या खोलीत आज पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. जुन्या सामन्यांचे आकडे तपासायला त्याला बोलावलं होतं. आकडे सगळे बरोबर होते. पण शेवटच्या पानावर, विक्रमांच्या यादीखाली, ‘गुणलेखक’ म्हणून सलग बावीस वर्षं त्याचं एकट्याचं नाव होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि इथं माझ्या बायकोचं नाव घाला, असं सांगितलं. बायको जाऊन चार महिने झाले होते.

खोलीतल्या कुणाला यात नवीन काही नव्हतं. त्याला लांबचं दिसत नसे, हे पंचांनाही ठाऊक होतं. बायकांना तेव्हा पॅव्हेलियनच्या मागच्या स्वयंपाकघरापर्यंतच मुभा होती आणि स्कोअररची खोली पॅव्हेलियनमध्ये धरली जायची. म्हणून ती बाहेर, त्याच्या खिडकीखाली, रोलरला टेकून मांडीवर वही घेऊन बसायची. चौकार गेला किंवा लेगबाय झाली की पंचानं इशारा करायचा आणि स्कोअररनं हात वर करून तो पोचल्याचं सांगायचं, अशी रीत. ती वहीत लिहायची आणि पेन्सिलीनं खिडकीच्या फळीवर टकटक करायची. मग तो आतून हात वर करायचा. बावीस वर्षं हात त्याचा आणि अक्षर तिचं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. अण्णांचं दुःख त्यांना समजत होतं. पण तेव्हाच्या नियमात ते बसत नव्हतं. बाईमाणसानं वही ठेवली असं छापलं, तर उद्या कुणीही उठून म्हणेल की क्लबचे विक्रमच खरे नाहीत. आपण भावनेच्या भरात इतिहास बिघडवायचा का, असं त्यांनी विचारलं. त्या विक्रमांत अध्यक्षांच्या स्वतःच्या एकशे चार धावा होत्या. जन्मातलं एकच शतक. पुस्तकात त्यावर चार पानं होती. पगारी गोलंदाजांवर मिळून दोन.

“त्या दिवशी आउट झाल्यावर तुम्ही पॅड न सोडता रोलरपाशी आला होता,” स्कोअरर म्हणाला. “वहिनी, माझे किती, म्हणून विचारलं होतंत.”

“नाही बुवा, मला काही आठवत नाही.”

माणसाला एकशे चार धावांतला एकेक फटका आठवतो, वारा कुठून होता तेही आठवतं, आणि विचारलं कुणाला तेवढंच आठवत नाही.

सेक्रेटरी समजूतदार माणूस. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, यात त्याचा हातखंडा होता. त्यानं तोड काढली. पुस्तकात चहापानाची एक यादी होतीच, सगळ्यांच्या बायका तिच्यात होत्या. वहिनींचं नाव तिथं घालू, सगळ्यात वर, जाड टाइपात. खोलीतली हवा मोकळी झाली. कुणीतरी वा म्हणालं. प्राध्यापकांना तर ते फारच पटलं. सर्वांचा खेळ म्हणताना स्त्रियांचा वाटा तेवढा राहून गेला होता, तोही आता भरून निघत होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

स्कोअररनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. घरून निघताना त्याला भीती होती, की आपला तोल जाईल, नाही ते बोलून बसू. तसं काही झालं नाही. राग यावा एवढीही ही माणसं त्याला मोठी वाटेनात.

“क्लबात तिनं एक कपसुद्धा चहा केला नाही,” तो म्हणाला. “वहीतून मान वर काढायला तिला फुरसत कुठं होती? स्टोव्ह माझ्या खोलीत होता. पंचांचा चहा मी करायचो, तुमचाही मीच करायचो. चहात माझं नाव घाला. तिचं तिथं घाला, जिथं ती बसली होती.”

प्राध्यापकांनी अध्यक्षांकडं पाहिलं आणि मग काहीतरी लिहून घेतलं. स्कोअररनं खुर्ची आत सारली आणि पायऱ्या उतरून तो घरी गेला.

महिन्याभरात पुस्तक आलं. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत. चहापानाच्या यादीत, चौदा बायकांच्या डोक्यावर, त्याचं नाव जाड टाइपात होतं. शेवटच्या पानावर अध्यक्षांच्या एकशे चार धावा जागच्या जागी होत्या. खाली बारीक अक्षरात बावीस वर्षांपुढे लिहिलं होतं, ‘गुणलेखक : माहिती उपलब्ध नाही.’