खाडीकडची रिंग

“आज इतिहास घडणार!” कॅप्टन धम्मपालने टीमला गोल उभं करून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्याच्या हाफ पँटची नाडी तुटली.

इतिहास पाच मिनिटं थांबला. पॅकिंग खात्यातून सुतळी आली.

तसा इतिहास घडायचा राहिला होता कुठे? लीगच्या दहापैकी नऊ मॅच ही टीम हरून बसली होती. एकदा तर समोरचे तिघं तापाने फणफणले होते, तरीही. भाईंदरच्या गुणवंतशेठचा कारखाना मुळात स्टीलच्या डब्यांचा. बास्केटबॉलची हौस त्यांच्या जावयाची. त्याने आठ उंच माणसं पगारी खेळाडू म्हणून ठेवली आणि वर्षभरात स्वतः अमेरिकेला निघून गेला. मागे डबे राहिले, टीमही राहिली. पण आठवड्यापूर्वी शेठनी धम्मपालला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं, “दहावी पण हारली, तर टीम बंद.”

टीम बंद म्हणजे नोकरी बंद. आठही जणांच्या नेमणूकपत्रात हुद्दा म्हणून ‘खेळाडू’ एवढंच टाइप केलेलं होतं. धम्मपालचं वय छत्तीस, गुडघ्याला पट्टा. दुसरं कुठलंच काम त्याने जन्मात केलं नव्हतं. तो नोकरी मागायला गेला की लोक आधी दाराच्या चौकटीकडे बघत आणि मग त्याच्याकडे. सकाळी डबा हातात देताना त्याच्या बायकोने, पंचशीलाने, बजावलं होतं, “हरलात तरी सरळ घरी या. मागल्या वेळेसारखं काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रक बघत बसू नका. पोरगी जेवायची थांबते.”

ही मॅच कारखान्याच्या आवारात होती. या मैदानाला दोन वर्षं एकच रिंग होती, खाडीकडची. गेटकडचा खांब स्टोअरच्या पत्र्याला टेकू म्हणून गेला होता. टेकू काढला असता तर स्टोअर खाली बसलं असतं. त्यामुळे टीमचा दोन वर्षांचा सगळा सराव एकाच दिशेला तोंड करून झालेला. आज गेटकडे शाळेतून मागून आणलेली रिंग उभी केली होती. शेठ पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. खेळातलं त्यांना एकच कळत होतं: बॉल रिंगमधून गेला की चांगलं. जाळीला बूड नाही म्हणून त्यांनी स्टोअरकीपरला झापूनही घेतलं होतं. स्कोअर लिहायला फळा नव्हता. तो पंचांच्या वहीत होता, आणि वहीत डोकावणं शेठना कमीपणाचं वाटत होतं.

पहिल्या अर्ध्यात धम्मपालच्या टीमला खाडीकडच्या रिंगमध्ये बॉल टाकायचा होता. टीम अशी खेळली, की पंचांनी दोनदा चष्मा पुसला. मध्यंतरानंतर नियमाप्रमाणे बाजू बदलल्या. आता बॉल गेटकडे टाकायचा आणि खाडीकडची रिंग सांभाळायची. इथून घसरगुंडी सुरू झाली. धम्मपाल घसा फोडून ओरडत होता, “गेटकडे! अरे, गेटकडे मरा!” शेवटचे दहा सेकंद उरले, तेव्हा दोन्ही टीमचे एक्कावन्न-एक्कावन्न झाले होते.

समोर ठाण्याची टीम होती. तिचा कॅप्टन उत्तम याने बॉल मारला. तो खाडीकडच्या रिंगवर आपटून उडाला आणि थेट धम्मपालच्या हातात आला, रिंगच्या अगदी खाली. धम्मपालला ताट वाढून बसलेली पोरगी दिसली. गुडघ्याची कळ विसरून तो उडाला. दोन वर्षांच्या सवयीने हात आपोआप वर गेला. बॉल कुठेही न शिवता जाळीतून खाली आला. मोसमातलं सगळ्यात देखणं बास्केट. शिट्टी वाजली.

“कॅप्टन,” शेजारी उभा असलेला त्याचा साथीदार रोशन हळूच म्हणाला, “आपण बाजू बदललेली ना?”

धम्मपाल मटकन खाली बसला. दोन पॉइंट ठाण्याला. दहावी पण हारली. आठ घरं रस्त्यावर, आणि तीही आपल्याच हाताने. निदान आपल्या तोंडाने सांगावं म्हणून तो उठला, तर शेठच समोरून पळत आले.

“वाह रे वाह! क्या डाला!” त्यांनी उडी मारून, हाताला लागलं तेवढं, म्हणजे धम्मपालचं कोपर थोपटलं. “मी माझ्या डोळ्यांनी बघितला ना! एकदम लास्ट टायमाला! टीम चालू. आठही जण परमनंट. काशीनाथ, टाइपरायटर इथेच आण. लेटर आत्ता काढायचा. मी सही करूनच उठणार.”

धम्मपालने तोंड उघडलं. मागे सात जण श्वास धरून उभे होते. त्याने तोंड मिटलं.

मैदानाच्या पलीकडे ठाण्याची टीम उत्तमला खांद्यावर घेऊन नाचत होती.

“हे लोक हारले ने?” शेठनी विचारलं. “मग नाचते कशाला?”

“लीग संपली ना, शेठ,” धम्मपाल म्हणाला. “सुटले बिचारे.”

“हारून एवढा खुशी?” शेठनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि पलीकडे जरा जास्तच निरखून पाहायला लागले. काशीनाथ कारकुनाने पहिला कागद चढवला. तो एका बोटाने टाइप करायचा.

धम्मपाल लंगडत, जमेल तेवढ्या घाईने पलीकडे पोचला. खांद्यावर बसलेल्या उत्तमकडे मान वर करून, शेठना दिसणार नाहीत असे हात जोडून म्हणाला,

“उत्तमभाऊ, जिंकलात, मनापासून अभिनंदन. आता तेवढी आठ पत्रं टाइप होईपर्यंत सगळे जरा रडाल का?”