डिकीच्या बिजागऱ्या

डिकीचं झाकण धाडकन खाली आलं आणि रुझाकाकूंचा उजवा हात त्यात सापडला. सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावच्या चौकात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता आणि काकू सगळ्यांसाठी आणलेली गिबानित्साची, म्हणजे चीजच्या थरांच्या पाईची, परात बाहेर काढत होत्या. तिघाचौघांनी धावत जाऊन झाकण उचललं. बोटं काळीनिळी पडली होती. कुणीतरी त्यांवर राकिया, तिथली कडक दारू, ओतली. काकूंनी ओठ आवळले.

ल्युबिशा जागचा हलला नाही. झाकण का पडलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

गाडी सदुसष्ट सालची ओपेल, काकूंच्या नवऱ्याची, मिलुतिन उस्तादांची. ल्युबिशा त्यांच्याच हाताखाली गाड्या दुरुस्त करायला शिकला. उस्तादांनी डुप्लिकेट माल ओरिजिनल म्हणून खपवल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते गेल्यावर काकूंनी गाडी रंगवायला ल्युबिशाकडे सोपवली. त्याच्याकडेही तसलीच ओपेल होती, पण तिच्या डिकीच्या बिजागऱ्या गंजून गेलेल्या, आणि मूळच्या तशा आता कुठे मिळत नाहीत. त्याने काकूंच्या काढून आपल्या गाडीला बसवल्या. काकूंच्या गाडीला पातळ पत्र्याच्या डुप्लिकेट लावल्या, वरून रंगाचा हात फिरवला. म्हातारीला काय कळतंय, असं मनाला समजावलं.

जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या नेनादने डिकीत डोकं घातलं. वाकलेली बिजागरी बोटाने हलवली.

"अरे, ह्या तर डुप्लिकेट! उस्तादांच्या गाडीला? ल्युबिशा, काम तुझंच ना रे हे?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. 

"त्याला काय विचारतोस? मला विचार," काकू म्हणाल्या. "त्यानं आधीच सांगितलं होतं, 'काकू, ह्या नकली आहेत, टिकायच्या नाहीत.' जुन्या गंजल्या होत्या, मीच म्हटलं, 'बसव.' मेळावा चुकवायचा नव्हता मला."

नेनाद वरमला. त्याने ल्युबिशाच्या पाठीवर थाप मारली. "उस्तादांचा चेला शोभतोस हो!" कुणी त्याच्या हातात ग्लास दिला. ल्युबिशाने नुसती मान डोलावली. चोरी करताना वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या मान डोलावण्याची वाटली.

तो तसाच घरी गेला, आपल्या गाडीच्या बिजागऱ्या काढल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन टेबलावर ठेवल्या.

"ह्या तुमच्या, काकू. मी चोरल्या होत्या."

"ठाऊक आहे. गाडी घरी आली त्याच दिवशी कळलं. पन्नास वर्षं ते झाकण उघडतेय मी. वाट बघत होते, तू आपणहून येशील म्हणून."

त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे त्याला बघवेना.

"मग चौकात का वाचवलंत मला? चार शिव्या हासडल्या असत्यात तर बरं झालं असतं. उस्ताद असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं."

काकूंनी डाव्या हाताने त्याच्यापुढे कॉफी सरकवली.

"तुझ्या उस्तादांसाठीही मी असंच भर बाजारात खोटं बोलले होते," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुन्हा कधी बोलावं लागलं नाही."